सहा अॅल्युमिनियम, चार फॉस्फरस

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

लांबूनच वाकून नमस्कार. पत्राला उशीर झाला, कारण मागच्या आठवड्यात उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. घाबरू नकोस, फोड बसलेत. अक्षर मात्र आधीपासूनच असं आहे.

तू विचारलंस की मी नेमकं करते काय. बाबा सगळ्यांना 'पोरगी अॅल्युमिनियममध्ये आहे' एवढंच सांगतात आणि लोकांना वाटतं मी पातेली विकते. तर ऐक. अॅल्युमिनियमचा अणू स्वभावाने उधळ्या. दुसऱ्या कुणाशी जुळायची वेळ आली की आपल्याकडचे तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. आम्ही त्याला एकच द्यायला लावतो आणि उरलेले दोन खिशात ठेवायला भाग पाडतो. असा हात आखडलेला अॅल्युमिनियम फार अस्वस्थ असतो. हवा लागली, ओलावा लागला, ऊब जरा जास्त झाली, तरी त्याचा तोल जातो. काही अणू पुन्हा तिन्ही देऊन बसतात आणि बाकीचे साधा धातू होऊन फ्लास्कला आतून चिकटतात. छान आरसा तयार होतो. गेलं वर्षभर मी त्या आरशात आपलं तोंड बघते आहे.

म्हणून प्रत्येक अणूच्या डोक्यावर कार्बनची पंचकोनी छत्री धरायची, आणि मग त्याची गाठ पांढऱ्या फॉस्फरसशी घालायची. हा फॉस्फरस दिसायला मेणासारखा. पाण्याखाली ठेवला तर गप्प बसतो, बाहेर काढला की पेटतो. या दोघांना एकत्र आणून अणूंचा एक छोटा पुंजका बनवायचा आणि त्याचा आकार शोधायचा, हे माझं काम.

आकार सरांनी आधीच शोधून ठेवलाय. मी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून लॅबच्या फळ्यावर एक घन काढलेला आहे. चार कोपऱ्यांवर अॅल्युमिनियम, चार कोपऱ्यांवर फॉस्फरस, एकाआड एक. शेजारी लिहिलंय, 'पुसू नये'. सगळे त्यांना मागे घनसर म्हणतात. जगात कुणी हा घन अजून बनवलेला नाही. तो मी बनवायचा आणि सरांनी बघायचा, असं ठरलंय. कुणी ठरवलं ते विचारू नकोस.

बोटांचं म्हणशील तर फॉस्फरस लागलेला चमचा मी कागदी रुमालाला पुसला. रुमालाने पेट घेतला. सरांनी शांतपणे त्यावर वाळू ओतली, माझा हात नळाखाली धरला आणि म्हणाले की कागद जपून वापरावा.

अडचण एवढीच आहे की सर जूनअखेर निवृत्त होतात. तोपर्यंत या पुंजक्याचा स्फटिक मिळाला नाही तर मला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली नवा विषय घेऊन सुरुवातीपासून सुरू करावं लागेल. दुसऱ्या एका देशातली लॅबही याच पुंजक्याच्या मागे आहे, असं सर रोज चहाच्या वेळी सांगतात, म्हणजे चहाही धड जात नाही.

तुझ्याकडे काय नवं? गुडघे कसे आहेत?

तुझी
खडू

&nbsp;

२५ जानेवारी

प्रिय खडू,

बोटं भाजल्याचं तू पहिल्या ओळीत लिहिलंस आणि 'घाबरू नकोस' त्याच्यानंतर. पुढच्या वेळी उलटा क्रम ठेव.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना समजलं असं वाटलं, मग पुन्हा वाचलं तर गेलं. त्या वाचनात घरातली सगळी अॅल्युमिनियमची भांडी मी माळ्यावर टाकली, कारण माझ्या डोक्यात फक्त 'तोल जातो' आणि 'पेटतो' एवढंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दूध तापवायला काही उरलं नाही, तेव्हा परत काढली.

तुझ्या बापाचं म्हणणं, आता फोनवर बोलायचं सोडून आपण दोघी कागद कशाला वाया घालवतो. मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. फोनवर दोघं बोलतात आणि किती जणं ऐकतात ते मला विचार. मी स्वतः काय काय ऐकलंय ते सांगायला लागले तर या गावातली निम्मी लग्नं मोडतील. तेव्हा पत्रच बरं.

माझ्याकडे नवं म्हणजे लिफ्ट. पुन्हा अडकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आत मी आणि चौथ्या मजल्यावरचे लिफ्टवाले. त्यांच्याबद्दल मागे लिहिलं होतं बहुतेक. सरकारी खात्यात लिफ्टचे इन्स्पेक्टर होते, आता निवृत्त आहेत, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस शांत. लिफ्ट अडकल्यावर लोक बटणं बडवतात, हे खिशातून वर्तमानपत्र काढून अर्धं मला देतात. मला कोडं असलेलं अर्धं दिलं. स्वतः बाजारभाव वाचत बसले. म्हणाले की दोर मजबूत आहे, दरवाजाचा खटका खराब आहे, काळजीचं कारण नाही. त्या दिवशी मी कोडं पूर्ण सोडवलं, जे घरी कधी होत नाही.

गुडघे बरे आहेत. मी मात्र हल्ली लिफ्टनेच जाते.

तुझी
आत्या

&nbsp;

१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी सांगते, मी सुखरूप आहे आणि काहीही जळलेलं नाही. क्रम बरोबर आहे ना?

दोघांची गाठ पडली. आमच्याकडे एक काचेची बंद पेटी आहे, तिच्यात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो आणि समोरच्या काचेला लांब रबरी हातमोजे बसवलेले असतात. बाहेरून त्यांत हात घालायचे आणि आत स्वयंपाक करायचा. उंची बेतास बात असल्याने मी स्टुलावर उभी राहते. त्या पेटीत मी छत्रीवाला अॅल्युमिनियम आणि फॉस्फरस टोल्युइन नावाच्या द्रवात विरघळवून एकत्र केले, हलकं ऊन केलं, आणि द्रावणाचा रंग बदलला. आरसा चढला नाही. सर मागे उभे राहून काचेतून बघत होते. त्यानंतर ते दिवसभर शीळ घालत होते.

आता स्फटिक हवा. तो नसेल तर आकार कळत नाही, कारण क्ष-किरण स्फटिकावर पाडले की ठिपक्यांची नक्षी मिळते आणि तिच्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात. ते यंत्र तळघरात आहे आणि ते चालवणाऱ्या बाई यंत्राहून नाजूक आहेत. आम्ही त्यांना स्फटिकबाई म्हणतो. माझा पहिला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून म्हणाल्या, "ही पिठीसाखर आहे." दुसरा नेला तेव्हा म्हणाल्या की पिठीसाखरेत निदान गोडी असते. तिसरा न्यायची माझी हिंमत होत नाही.

द्रावण गार कपाटात ठेवते, दर तासाला काढून उजेडात धरून बघते, आणि दर वेळी तळाशी तीच पूड. कुठे चुकतंय कळत नाही. याच्याहून जास्त लक्ष कुणी काय देणार?

तुझ्या लिफ्टचं वाचून माझं डोकं फिरलं. या वयात तू तासन्‌तास त्या डब्यात अडकून पडतेस, वर एका परक्या माणसाबरोबर, आणि तो गृहस्थ स्वतः इन्स्पेक्टर असून बाजारभाव वाचतो. तुला तक्रार करायचा संकोच वाटत असणार, म्हणून मी तुमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना पत्र टाकलंय. आमच्या संशोधन संस्थेच्या छापील कागदावर लिहिलंय आणि शेवटी 'योग्य त्या कारवाईस आपण जबाबदार राहाल' असंही घातलंय. आता बघ कसे हलतात.

तुझी
खडू

&nbsp;

२२ फेब्रुवारी

प्रिय खडू,

लिफ्ट दुरुस्त झाली.

तुझं पत्र मिळाल्यावर सेक्रेटरी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. छापील कागदावरचं चिन्ह बघून त्यांना वाटलं सरकारी चौकशी आली. कंपनीची माणसं बोलावली, खटका बदलला, आरसा बसवला, दिवा बसवला. आता पाचव्या मजल्यावरून तळाला जायला इतका कमी वेळ लागतो की बरोबरच्या माणसाला 'आज उकडतंय' एवढंसुद्धा म्हणून होत नाही. काल मी आणि लिफ्टवाले दोघं आत होतो. दार बंद झालं, दार उघडलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बाहेर पडलो.

तुला कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला? मी तक्रार केली होती का? माझं पत्र पुन्हा काढून वाच.

असो. लिफ्टवाल्यांचं म्हणणं, नवीन खटक्यावर इतक्यात भरवसा ठेवू नये. म्हणून हल्ली आम्ही जिन्याने उतरतो. प्रत्येक मजल्यावर थोडं थांबतो, कारण गुडघे त्यांचेही तसेच. काल तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एक गोष्ट विचारली. मी म्हटलं विचार करून सांगते.

तू तिकडे दर तासाला बाटली काढून बघतेस हे वाचून मला बरं वाटलं नाही. झोप होते का? जेवतेस का? तुझ्या सरांना मी आजच वेगळं पत्र टाकलंय. रागावू नकोस. तू माझ्या सेक्रेटरींना लिहू शकतेस, तर मी तुझ्या सरांना लिहू शकते.

तुझी
आत्या

&nbsp;

८ मार्च

आदरणीय बाई,

आपलं पत्र पोहोचलं. आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. आपली भाची जेवते, पण उभ्याने. झोपते, पण कुठे ते मला ठाऊक नाही. तिला मी रागावत नाही. भाजल्याच्या दिवशी मी जे बोललो ते विनोदाने बोललो होतो. माझा विनोद ओळखू येत नाही असं घरचेही म्हणतात.

आता एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. मुलीचे हात उत्तम आहेत. अशा तऱ्हेचं अॅल्युमिनियम इतकं स्वच्छ बनवणारं माझ्याकडे याआधी कुणी आलं नाही. पण स्फटिक वाढायला शांतता लागते. अणू एकामागून एक येऊन आपापल्या जागी बसतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. आपली भाची दर तासाला फ्लास्क उचलते, हलवते, उजेडात धरते. बसत आलेले अणू उठतात. घाईने पुन्हा बसतात ते पूड होऊन. मी हे तिला सांगून पाहिलं. ती 'हो सर' म्हणते आणि मी पाठ फिरवली की उचलते. मी गार कपाटाला कुलूप लावलं, तेव्हा तिने दुसरी किल्ली करून घेतली.

यावर एकच उपाय दिसतो. काही दिवस ती इथे नसावी. मी सुट्टी घ्यायला सांगितलं तर तिला वाटेल मी तिच्यावरची आशा सोडली. आपण घरचं काही निमित्त काढून तिला बोलावून घ्याल का? निमित्त कोणतं ते मी सुचवू शकत नाही. आमच्या घरात निमित्तं पत्नी काढते.

हे पत्र तिला दाखवू नये ही विनंती.

आपला नम्र,
तिचा मार्गदर्शक

&nbsp;

१५ मार्च

प्रिय खडू,

घाबरू नकोस. पाय मुरगळलाय. जिन्यात. डॉक्टर म्हणतात पलंगावरून हलायचं नाही. तुझ्या बापाला कळवलेलं नाही, तो उगाच घर डोक्यावर घेईल. तू येऊन राहिलीस तर बरं होईल. महिनाअखेरीला ये आणि चार दिवस तरी राहा. येताना एखादा बरा पोशाख आण, इथे कुणी भेटायला येतं-जातं.

सर सुट्टी देतील. देतील असं मला आपलं वाटतं.

तुझी
आत्या

&nbsp;

४ एप्रिल

प्रिय आत्या,

पोहोचले. प्रवासभर मी एकटीच हसत होते आणि मध्येच चिडत होते. समोरच्या बाईंनी शेवटी जागा बदलली.

अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी तुला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून टॅक्सी बोलावते, आणि तू टॅक्सीवाल्याला नोंदणी कचेरीचा पत्ता सांगतेस. पलंगावरून न हलणारी बाई कचेरीचा जिना माझ्याआधी चढून वर उभी. वर लिफ्टवाले, इस्त्रीचा कोट, हातात एकच फूल, आणि घाम. मी साक्षीदाराची सही नवरीच्या रकान्यात करायला निघाले, तेव्हा कारकुनाने विचारलं, नवरी आपणच का.

मी तुझ्यावर खरंच रागावले होते आत्या. जिन्यात तुला म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?" आणि तू म्हणालीस, "सांगितलं की. तू लिफ्ट दुरुस्त केलीस."

तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. कोडं, जिना, तिसरा मजला. सगळं स्वच्छ लिहिलं होतंस. मी फक्त खटका वाचला.

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. ते आले, दाराशी उभे राहिले, फोटोत आले नाहीत, 'या वयात' एवढंच बोलले आणि गेले. आपल्याला कुणी विचारलं नाही याचं त्यांना जास्त लागलंय. थोरली बहीण आपल्याला विचारल्याशिवाय काही करू शकते, हे त्यांना कळायला वेळ लागेल. लिफ्टवाल्यांना काय म्हणायचं हा प्रश्नही आहे. त्या दिवशी बाबा त्यांना 'अहो, ते' असं म्हणत होते.

आता इकडचं. काल सकाळी लॅबमध्ये आले तर गार कपाटासमोर स्टुलावर सर बसलेले. कपाटापर्यंतच्या फरशीवर खडूची रेघ आखलेली आणि पलीकडे पाऊल टाकायचं नाही असा हुकूम. झाडूवाल्यालाही आत येऊ दिलेलं नव्हतं, असा वास येत होता. मला म्हणाले, "हळू उघडा."

फ्लास्कच्या तळाशी मधाच्या रंगाचे खडे होते. कडा धारदार, इतके स्वच्छ की आरपार दिसावं. मी रडले. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले की आपल्या आत्यांना माझे आभार कळवा. मी विचारलं, तुम्ही आत्याला कसे ओळखता? तर त्यांना एकदम एक बैठक आठवली.

तुम्हा दोघांचं संगनमत मला हळूहळू कळतंय. सध्या माफ केलंय.

तुझी
खडू

&nbsp;

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

मी ठीक आहे, पण इथे काही ठीक नाही.

स्फटिक घेऊन मी तळघरात गेले. स्फटिकबाईंनी एक खडा तेलाच्या थेंबात बुडवला, केसाएवढ्या काडीच्या टोकावर उचलला आणि गार वाऱ्याच्या झोतात बसवला. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "ही साखर नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी आहे, असं जुने लोक सांगतात.

पडद्यावर अणू उमटले तेव्हा सर नवा शर्ट घालून शेजारी उभे होते. पण तो घन नव्हता आत्या. डोळ्यांसमोर दोन खोकी आण, एकमेकांना चिकटवलेली, मधली भिंत सामाईक. असे बारा कोपरे होतात. त्यातले एकमेकांपासून सगळ्यात लांबचे दोन कोपरे रिकामे. उरले दहा. सहा जागी अॅल्युमिनियम, चार जागी फॉस्फरस. फॉस्फरसचे चार अणू आधी एकमेकांना घट्ट धरून होते, ते सगळे बंध तुटून प्रत्येक जण अॅल्युमिनियमच्या मध्ये जाऊन बसलाय. आणि बाहेरून सगळीकडे छत्र्या. इतका देखणा आकार मी आयुष्यात पाहिला नाही.

सर म्हणाले, "हा स्फटिक चुकीचा आहे."

दुसरा लावला. तोच आकार. तिसरा लावला. तोच. सर म्हणाले की अॅल्युमिनियम जास्त पडलं असेल, फॉस्फरस कमी पडला असेल, तुम्ही घाई केली असेल. मी कधी नव्हे ती मोठ्याने बोलले. म्हटलं, सर, आपण जे मागितलं ते नाही मिळालं, पण जे मिळालंय तेही आजवर कुणाला मिळालेलं नाही. ते म्हणाले, "मी हा घन जगभर शिकवलाय," आणि जिना चढून गेले.

त्यानंतर ते लॅबमध्ये आलेले नाहीत. पेपर मी लिहून ठेवलाय, पण त्यांच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. तिकडची लॅब काय करतेय देव जाणे. आणि गंमत म्हणजे मला पेपरपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटतंय. काय करू सांग. त्यांना पुन्हा पत्र टाकतेस का?

तुझी
खडू

&nbsp;

२ मे

प्रिय खडू,

नाही टाकणार. एकदा लिहिलं ते तुझ्या जेवणाखाण्यासाठी. या वेळी तुझं आणि त्यांचं आहे.

तुझा बाप अजून आलेला नाही. परवा रस्त्यात दिसला. मला बघून भाजीवाल्याशी असा बोलायला लागला की जणू तोच त्याचा सख्खा भाऊ. मी काही त्याच्या मागे गेले नाही. माझे 'हे' म्हणाले (हा शब्द लिहिताना अजून हात अडखळतो), जाऊन समजूत घालू का? मी म्हटलं मुळीच नको. लहानपणापासून त्याची समजूत घातली की तो आणखी फुगतो. आपलं चुकलं हे त्याला कळतं, पण ते आपण कळवलं की त्याला कळेनासं होतं.

सर तुझे त्याच जातीचे दिसतात. तू त्यांना सिद्ध करून दाखवायला जाऊ नकोस. घन चुकला असं म्हणूही नकोस. पुरावा जिथे आहे तिथे त्यांना एकटं जाता येईल असं कर आणि आपण तिथून हल. फिरायला जा. कपडे धू. तुझ्या खोलीत काय अवस्था असेल याची मला कल्पना आहे.

घरी एक तंटा आहे. यांना सगळ्या वस्तूंवर तपासणीची तारीख लिहून ठेवायची सवय आहे. काल गॅसच्या शेगडीवर लिहिली, पंख्यावर लिहिली. मी सांगितलंय, माझ्या जवळ पेन घेऊन यायचं नाही.

तुझी
आत्या

&nbsp;

१६ मे

आदरणीय बाई,

हे पत्र कुणी मागितलेलं नाही, तरी लिहितो.

मागच्या आठवड्यात आपल्या भाचीने निरोप ठेवला की ती तीन दिवस येणार नाही, कपडे धुवायचे आहेत. इतके कपडे तिच्याकडे नसावेत. मी सहज म्हणून तळघरात गेलो. यंत्रावरच्या बाईंनी माझ्याकडे न बघता खुर्ची पुढे सरकवली, पडद्यावर तो पुंजका फिरता ठेवला आणि म्हणाल्या, "मोजा." आणि स्वतः बाहेर निघून गेल्या.

मी मोजले. उजवीकडून मोजले, डावीकडून मोजले. सहा आणि चार. कुठूनही मोजा, सहा आणि चार. मग मी मोजायचं सोडलं आणि नुसता बघत बसलो. माझा घन चांगला होता, बाई. तो नीटनेटका होता, फळ्यावर काढायला सोपा होता, विद्यार्थ्यांच्या लक्षात राहायचा. हा काढायला बसलो तर माझ्याकडून दोनदा चुकला. पण मला काढायला सोपा आकार हवाय, याची अणूंना कुणी कल्पना दिलेली नव्हती.

पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, मग आता दुसरी कुणी लॅब छापायची वाट बघताय का? त्याच दिवशी सही केली. पेपर गेला आहे. लेखकांत आपल्या भाचीचं नाव पहिलं आहे, आणि ते तिथेच असायला हवं.

तिला मी अजून काही बोललेलो नाही. फक्त विचारलं, कपडे वाळले का? ती हसली. माझा विनोद ओळखणारी ती पहिलीच.

आपला नम्र,
तिचा मार्गदर्शक

&nbsp;

३ जुलै

प्रिय खडू,

तुझा छापून आलेला लेख आला. दोन प्रती, एक आम्हाला आणि एक तुझ्या बापाला. तुझं नाव पहिलं आहे ते मी भिंग लावून बघितलं. सरांच्या निरोप समारंभाचा फोटोही बघितला. माणूस मी समजले होते त्याहून बराच बुटका निघाला.

आता मुख्य गोष्ट. परवा संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. उघडलं तर तुझा बाप. छातीशी तुझा लेख धरलेला. मला म्हणाला की तो काही बसायला आलेला नाही. इमारतीतल्या जुन्या इन्स्पेक्टरांना यंत्रांचे नकाशे वाचता येतात असं ऐकलंय, पोरीच्या लेखातलं एक चित्र समजत नाही, तेवढं विचारून जायचंय. 'जुने इन्स्पेक्टर' आत माझ्याच टेबलाशी बसून आमच्या प्रतीतलं तेच चित्र उलटं धरून बघत होते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी उगाच जोरात वाजवत राहिले, म्हणजे ऐकत नाही असं वाटावं. एक्स्चेंजमधल्या बाईला हे जमतं. आधी बराच वेळ नुसते कागदाचे आवाज. मग हे सांगायला लागले, हा मधला चौकोन म्हणजे आधाराची चौकट धरा, हे दोन्हीकडचे वजन पेलतात. तुझा बाप म्हणाला की पोरगी चौकटी बनवत नाही, अणू बनवते. हे म्हणाले की वजन कुणालाही चुकत नाही. दोघं साफ चुकत होते असा माझा अंदाज आहे, पण इतक्या ठामपणे की ऐकायला बरं वाटत होतं. टेबलावर मग काड्यापेटीतल्या काड्या आणि वाटाणे आले. मोडलं, परत बांधलं, वाटाणे जमिनीवर सांडले, दोघं ओणवे होऊन वेचायला लागले.

आणि टेबलाखालून तुझ्या बापाचा आवाज आला, "पण दाजी, हे दोन कोपरे रिकामे ठेवले तर सगळं कोसळत कसं नाही?"

माझ्या हातातलं झाकण पडलं. ते मात्र मुद्दाम नव्हतं.

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. यांच्या आलं. हे टेबलाखालून बाहेर आले ते डोळे पुसत, आणि गुडघे दुखतात असं सांगत. मग म्हणाले की हा प्रश्न मलाही पडलाय, आपण पत्र टाकून विचारू. तुझा बाप म्हणाला, विचारू, उत्तर आलं की मी येतो. आणि जेवून गेला.

तेव्हा खडू, हे दोघं तुझ्या उत्तराची वाट बघतायत. ते कोपरे रिकामे असून तुझा पुंजका उभा कसा राहतो, ते सविस्तर लिही. फक्त एवढं कर, जरा अवघड भाषेत लिही. एका बैठकीत समजता कामा नये.

तुझी
आत्या